त्यांचा किती वाकला?

"त्यांचा किती वाकला?" अण्णांनी देवयानी मॅडमना विचारलं.

मी पलंगावर पालथी पडले होते. माझा उजवा गुडघा मॅडमच्या हातात होता आणि जीव घशात. तो किती वाकला हे मॅडमनी नुकतंच मोठ्यानं सांगितलं होतं, पण स्वतःच्या लेकीच्या गुडघ्यात अण्णांना काडीचा रस नव्हता. त्यांना पलीकडच्या पलंगावरचा गुडघा हवा होता.

"दुसऱ्या पेशंटचं मी सांगत नसते," मॅडम म्हणाल्या.

"नका सांगू. आमच्यापेक्षा जास्ती का कमी, तेवढंच बोला."

पलीकडच्या पलंगावर बिल्किस मुलाणी होती. दोघींच्या मध्ये एक हिरवा पडदा, तोही आखूड. खालून एकमेकींची पावलं दिसायची. पडद्याच्या त्या बाजूनं तिच्या वडिलांचा, मुलाणी चाचांचा, आवाज आला.

"मॅडम, आमची पाळी आली की त्यांच्यापेक्षा दहा अंश जास्तीच वाकवा. दुखलं तर दुखू दे. पोरगी काय बोलायची न्हाई."

"मी बोलणार हाय!" बिल्किस ओरडली.

कऱ्हाडच्या त्या फिजिओथेरपीच्या खोलीत आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा यायचो, एकाच एसटीनं, एकमेकींकडे पाठ करून. दोन्ही बापांनी वेगळे वार मागून पाहिले होते. मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे हीच वेळ आहे. भांडण पुलावर ठेवून येत जा, जाताना घेऊन जा. कुणी चोरणार नाही."

पूल आमच्या दोन गावांच्या मधला. अलीकडे आमची हिंगणवाडी, पलीकडे त्यांचं पाचुंदे. भांडण कशावरून सुरू झालं ते कुणाला आठवत नाही, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नाही. दरवर्षी भैरोबाच्या यात्रेला मुलींची कबड्डी होते आणि चांदीचा मुलामा दिलेली एक ढाल मिळते. मुलामा बराचसा उडालाय, पण त्या ढालीपायी आमच्या दोन गावांत सोयरीक होत नाही.

आदल्या यात्रेत अंतिम सामना आमचाच होता. मी कोपऱ्यात खेळायची. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम एकच, चढाईला आलेलीचा घोटा धरायचा आणि बाकीच्या येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही. शेवटच्या चढाईला बिल्किस आली. मी तिचा घोटा धरला, तिनं हिसका दिला, आणि आमच्या पाच जणी आम्हा दोघींवर येऊन पडल्या. त्या ढिगाऱ्याखाली दोन आवाज झाले. एक माझ्या गुडघ्यातला. दुसरा तिच्या, तो माझ्या हाताला कळला. तरी मी घोटा सोडला नाही. आम्ही जिंकलो. ढाल डोक्यावर घेऊन मिरवणूक देवळाकडे निघाली, आणि बरीच पुढं गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की मी अजून मातीतच पडले आहे.

दोघींचा उजवाच गुडघा. दोघींचं तेच लिगामेंट. आमच्या भागात त्याला तेव्हा 'दोरी तुटली' म्हणायचे, आणि दोरी म्हटलं की प्रत्येकाला गाठ मारता येते. त्यामुळे मला भेटायला येणारा प्रत्येक माणूस सर्जन होता. कुणी पायाचं सूप सांगितलं, कुणी काळी हळद. आमचे प्रशिक्षक तात्या सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मैदानावर कबड्डी. दोन्हीकडे त्यांना पोरं कच्चीच वाटायची. ते म्हणाले, "आमच्या वेळी लिगामेंट-बिगामेंट नव्हतं. गुडघा होता. तो दुखायचा आणि आम्ही खेळायचो." एवढं बोलून ते कठड्याला धरून, आडवं पाऊल टाकत, आमच्या ओट्याच्या दोन पायऱ्या उतरले.

ऑपरेशन दोघींचं पाठोपाठ झालं. मांडीतल्या एका स्नायूचा दोर काढून गुडघ्यात बसवला. मग सुरू झाल्या देवयानी मॅडम. बाई पुण्याकडच्या, आवाज मऊ आणि हात लोखंडी. त्यांचा नियम असा की पुरेसे महिने गेल्याशिवाय आणि उडीची परीक्षा पास झाल्याशिवाय मैदान नाही.

"सूज नाही, दुखत नाही, पळता येतंय. मग अडतंय कुठं?" अण्णांनी एकदा विचारलं.

"तुमच्याकडं आंबा आहे ना?"

"हाय की."

"कलम बांधलं, पानं फुटली, म्हणून कुणी त्याच फांदीला झोका बांधतं का?"

अण्णांनी मान डोलावली. मग म्हणाले, "त्यांचं पण कलमच हाय न्हवं?"

बाप लोक चहाला खाली गेले की पडद्याआडून आमचं थोडं बोलणं व्हायचं. त्याला गप्पा म्हणता येणार नाही. एकमेकींच्या गुडघ्याला शिव्या देणं म्हणता येईल. एकदा मात्र बिल्किस आपणहून म्हणाली, "अब्बांनी मशीन आणून ठेवलंय."

"शिवणाचं?"

"मग काय उसाच्या रसाचं? म्हणतात, या यात्रेला उतरलीस तर खेळ. न्हाईतर मशीनवर बस, तोवर स्थळ बघतो."

"मॅडमनी थांब म्हटलं तर?"

"मॅडमचं कोण ऐकतंय?" पडद्याखाली तिचा डावा पाय फरशीवर ताल धरल्यासारखा आपटत होता. "सुवर्णे, मी एकटी बसले तर एक वेळ चालंल. पण तू उभी ऱ्हायलीस आणि मी न्हाई, तर संपलंच. हिंगणवाडीची पोरगी खेळती आणि आमची बसून ऱ्हाती म्हटल्यावर अब्बा गावात तोंड दाखवायचे न्हाईत. मशीन त्याच दिवशी चालू."

मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या घरातही हेच होतं, फक्त मशीनच्या जागी मामाचा पोरगा होता.

"मला खेळायचंय गं," ती म्हणाली. एवढंच, आणि आवाज अगदी साधा.

यात्रा तोंडावर आली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तात्या सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "बिल्किस उतरणार म्हणत्यात."

"पास झाली तर."

"होईल गं. नाही झाली तरी पाचुंदेकर उतरवतील. आता नीट ऐक. आपण मुद्दाम कुणाला दुखवायचं नाही. आपलं ते संस्कारच नाहीत." त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. "फक्त उजवा घोटा दिसला की धरायचा आणि जरा पिळायचा. एकदा गेलेला गुडघा आहे, लगेच भितो. नियमात बसतं सगळं."

"आणि माझा गेलेला गुडघा?"

"तू काय, वाघीण आहेस," तात्या सर म्हणाले आणि आडवं पाऊल टाकत पायऱ्या उतरले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुन्हा ढिगाऱ्याखाली जायची भीती होतीच, ती मी कुणाला सांगितली नव्हती. वाघिणीला भीती सांगायची सोय नसते. पण त्याहून वाईट म्हणजे माझ्या तळव्याला तिच्या गुडघ्यातला तो आवाज आठवत होता.

परीक्षेच्या दिवशी मॅडमनी पलंग सरकवून खोली मोकळी केली होती. एका पायावर उभं राहायचं, पुढं उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि डगमगायचं नाही. आधी ऑपरेशनचा उजवा पाय, मग धडधाकट डावा. उजव्याची उडी डाव्याच्या जवळपास बरोबरीला आली तर पास. काचेच्या दाराबाहेर बाकावर दोन्ही बाप बसले होते, दोन टोकांना, मधे चार माणसांची जागा सोडून.

बिल्किसचा नंबर पहिला. उजव्या पायानं तिनं उडी मारली. जेमतेम चार फरशा. उतरली मात्र नीट. मग डावा. चार फरशा आणि वर दोन बोटं.

"अरे वा!" मॅडम टेप गुंडाळत म्हणाल्या. "जवळजवळ सारखे आहेत."

बिल्किसनं चेहरा इतका भोळा केला होता की तिथंच काहीतरी चुकतंय हे कळावं. पण मी चेहरा बघत नव्हते. कोपऱ्यातल्या खेळाडूनं चेहरा बघायचा नसतो, चेहरा खोटं बोलतो. तिचा चेहरा मी दवाखान्यातच पहिल्यांदा नीट पाहिला. पाय मात्र सहावीपासून पाठ होते. आणि तो डावा पाय उडी मारताना गुडघ्यात वाकलाच नव्हता. उजवा पाय अजून कच्चा होता, तो काही डाव्याच्या बरोबरीला येत नव्हता. म्हणून तिनं डाव्यालाच उजव्याच्या बरोबरीला आणून बसवलं होतं. डोकं चांगलं होतं बाईचं. फक्त ते डोकं घेऊन ती दोन आठवड्यांनी माझ्याच कोपऱ्यात येणार होती, आणि माझ्या मागं तात्या सर उभे असणार होते.

"मॅडम," मी म्हणाले, "तिचा डावा पुन्हा घ्या."

"का गं?" बिल्किसनं विचारलं.

"त्या पायानं तू माझ्या डोक्यावरनं उडून गेलीयस. भर मैदानात. आणि इथं चार फरशा?"

"आज पाय जड हाय माझा."

मॅडमनी दोघींकडे बघितलं. "बिल्किस, पुन्हा मार."

तिनं मारली. चारच. वर आता एकच बोट.

"मला जे दिसतं ते मी मोजणार," मॅडम म्हणाल्या. "पाय किती उडू शकतो हे टेपला कळत नाही."

"जाऊ द्या मॅडम," मी म्हणाले. "संपलाच असंल तो पाय. मशीनचं पायडल मारायला तेवढा पुरे."

बिल्किसचे कान लाल झाले. ती गरकन वळली, डाव्या पायावर उभी राहिली, आणि जी उडी मारली ती पाचवी फरशी ओलांडून सहावीवर, वजनांच्या कपाटासमोर. एका पायावर खांबासारखी उभी राहून तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी जिंकल्याचा आनंद आला, आणि मग काय झालं ते कळल्याचा रंग.

मॅडमनी टेप पसरली.

"हिला ढाल पाहिजे मॅडम!" बिल्किसचा आवाज फुटला. "माझ्या गुडघ्याची काळजी न्हाई हिला. मी नसले की यांना मैदान मोकळं. म्हणून केलं हिनं."

"असेल तसंच," मॅडम म्हणाल्या. "पण टेप तिची नाही, माझी आहे. आणखी तीन-चार महिने व्यायाम, मग बघू. सुवर्णा, ये तू."

मी ओळीवर गेले. आधी डावा मारते म्हटलं. पाच फरशा आणि वर थोडं. मग उजव्या पायावर उभी राहिले. काचेतून अण्णा दिसत होते. उठून उभे राहिले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुलाणी चाचाही उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या उजव्या पायाकडे बघत होते. मी उडी मारली.

चार फरशाही पुऱ्या भरल्या नाहीत.

मॅडमनी टेप पुन्हा एकदा ताणून बघितली. "पुन्हा मारतेस?"

"नको."

"नक्की?"

"हेच आहे मॅडम."

"बरं. दोघीही नापास."

बिल्किस हसली. सगळ्या कऱ्हाडला ऐकू जाईल असं हसली. "मला पाडायला आली आणि स्वतःच पडली! देव हाय!"

बाहेर मुलाणी चाचांनी तिला गाठलं. "काय झालं?"

"न्हाई झाले पास."

चाचांचं तोंड उतरलं. ते काहीतरी बोलणार होते, काय ते मला आणि तिला दोघींना माहीत होतं. पण आधी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "आणि त्यांची?"

"ती पण नापास."

"तुझ्यापेक्षा जास्ती का कमी?"

"कमी."

नापास मुलीचा इतका समाधानी बाप मी परत पाहिला नाही. "मग काय घाई न्हाई," ते म्हणाले. "हिंगणवाडीची पण बसलीय. पुढल्या यात्रेला बघू की." आणि मग, माझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदा, पाचुंद्याच्या माणसानं हिंगणवाडीच्या माणसाला विचारलं, "चहा घेणार का?"

अण्णांनी जरा विचार केला. हिंगणवाडी हरली होती, पण पाचुंदेही जिंकलं नव्हतं. "घेऊ की," ते म्हणाले.

त्या यात्रेत दोन्ही संघ आमच्याविना उतरले आणि दोन्ही पडले. ढाल चिखलगावला गेली. चिखलगावकरांना ती कशी धरायची तेही माहीत नव्हतं, त्यांनी ती उलटी धरून फोटो काढला. आमच्या गावात माझं नाव 'नापास' पडलं. तात्या सर म्हणाले, "चित्रकलेतही ही अशीच होती. हात चांगला, पण ऐन परीक्षेत कागद कोरा." अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण मामाच्या पोराचा विषयही कुणी काढला नाही. पाचुंद्याची बसून होती ना, तोवर आमचीही बसून चालणार होती.

बिल्किस त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एसटीत नाही, पडद्याआडूनही नाही. नुसती पावलं दिसायची. मॅडम म्हणतील त्याच्या दुप्पट करायची ती. पायरीवरून उड्या, एका पायावर बसणं-उठणं, वळून पळणं. ते बघून मीही दुप्पट करायची, कारण पाचुंद्याच्या मागं राहणं मलाही जमण्यासारखं नव्हतं. पावसाळ्यानंतर मॅडमनी पुन्हा टेप काढली. दोघीही पास झालो. या वेळी तिच्या डाव्या पायाकडे मॅडमच टक लावून बघत होत्या.

पुढच्या यात्रेत अंतिम सामना पुन्हा आमचाच. मी कोपऱ्यात उभी राहिले तेव्हा माझ्या तळव्याला पुन्हा तो आवाज आठवला. मागून तात्या सर ओरडत होते, "घोटा बघ! उजवा घोटा!"

बिल्किस आली. ओठांवर अखंड कबड्डी, नजर दुसरीकडेच. तिचा उजवा पाय माझ्यासमोर आला. पूर्वी यायचा तसाच, बिनधास्त. त्या पायाला कसलीही भीती नव्हती, आणि ते बघून माझ्या तळव्यातला आवाज थांबला. मी धरला. सोडून द्यायचा, दया दाखवायची, असलं काही डोक्यात आलंसुद्धा नाही. अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं धरला, फक्त पिळला नाही. पोरी धावून आल्या, पण त्या पडायच्या आत तिनं डावा पाय रोवला आणि मला फरफटत घेऊन सगळं अंग मधल्या रेषेवर फेकलं. तिची बोटं रेषेपलीकडं टेकली. पंचांनी शिट्टी मारली. मी बाद.

दोघी मातीत पडलो होतो. मी माझा गुडघा चाचपला. शाबूत. तिनं तिचा चाचपला. शाबूत.

चढाईत दम सोडून बोलता येत नाही, म्हणून असेल, पण वर्षभराचं बोलणं तिनं रेषेला हात लागल्यावर सुरू केलं.

"वाकला न्हवता," ती धापा टाकत म्हणाली.

"काय?"

"तुझा उजवा गुडघा. त्या दिवशी, मॅडमसमोर. उडी मारताना वाकवलाच न्हाईस." तिनं तोंडातली माती थुंकली. "आदल्या खेपेपर्यंत पाच फरशा मारत होतीस. पडद्याखालनं काय तुलाच दिसतंय व्हय? मी पण पायच बघती."

एवढे महिने मला वाटत होतं की ते कळलं असेल तर फक्त मॅडमना.

"मग तिथंच का न्हाई सांगितलंस? हसलीस कशाला एवढी?"

बिल्किस उठली, मला हात दिला आणि ओढून उभं केलं. गुडघ्यावरची माती झटकत म्हणाली, "सांगितलं असतं तर मॅडमनी तुला पुन्हा उडी मारायला लावली असती. तू खेळली असतीस, आणि ढाल तुमच्यात गेली असती. मी काय येडी हाय? चल, बाद हायस. बाहेर हो."

मी बाहेर जाऊन बसले. सामना आम्ही हरलो. तात्या सर डोक्याला हात लावून उभे होते आणि त्यांच्या शेजारी बसून मी हसत होते. ते त्यांना आजपर्यंत माफ करता आलेलं नाही.